टेंडर भरायचं राहिलंय

३ जून

डॉक्टरांनी ह्यांचं ब्लडप्रेशर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही वही आणली. दोन आकडे लिहिले की पान संपतं म्हणायचं, आणि बाकी सगळं कोरं. कोरा कागद वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही, जन्मभर सरकारी नोकरी केली आहे. तेव्हा उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. डॉक्टरांकडे जाताना आकडे चिठ्ठीवर उतरवून नेईन.

आजची बातमी अशी की ह्यांनी पुन्हा पैसे पाण्यात घातले. चहा पिता पिता, हवा बरी आहे म्हणावं तशा सुरात सांगितलं, एका नवीन माणसाला आगगाडीचं छोटं इंजिन करायला दिलंय आणि पैसे आगाऊ भरलेत.

"किती?"

"सगळे."

"सगळे?"

"अगं, लहान कारागीर आहे. पितळ, चाकं, मोटर, सगळं त्याला आधी विकत घ्यावं लागतं. आपण दिले नाहीत तर तो आणणार कुठून?"

"आणि त्याने केलंच नाही तर?"

"तर नाही केलं," असं म्हणून बिस्किट चहात बुडवलं. बिस्किटही बुडालं.

मी पूल बांधणाऱ्या खात्यात होते. सीलबंद पाकिटं उघडायची, दर लावायचे, टेंडर कुणाला सुटलं ते बोर्डावर लावायचं. अनामत रक्कम घेतल्याशिवाय आम्ही ठेकेदाराला नदीजवळसुद्धा उभं केलं नाही. इथे सगळं उलटंच. माल शून्य, कागद शून्य, आणि अनामत आपणच द्यायची.

मागच्या वेळचा तो दाढीवाला अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानेही आगाऊ घेतले, वर्षभर फोटो पाठवले आणि एक दिवस फोन बंद. नंतर कळलं, फोटोसुद्धा दुसऱ्या कुणाच्या इंजिनाचे होते. पैशाचं मला तेव्हाही फारसं वाटलं नाही. पण हे कितीतरी दिवस त्यांच्या छोट्या गाड्यांच्या खोलीत पाऊल टाकेनात, आणि जेवताना तोंड असं की बघवेना. पुन्हा तसं तोंड बघायची माझी तयारी नाही. एवढं एकच माझं भांडण आहे.

११ जून

आज सकाळभर ह्यांच्या चौकशा. "तुझ्या माहेरच्या घरामागून आगगाडी जायची ना, ती किती जवळून?"

कशाला हवंय म्हटलं, तर म्हणाले सहज. रिकामा माणूस, दुसरं काय. चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून बोलायला मीच उरले आहे. पूर्वी इंजिनं स्वतः करायचे, तेव्हा जेवायलाही हाका माराव्या लागत. काडीच्या टोकाएवढे स्क्रू भिंगाखाली बसवायचे. आता हात कापतात. गोळ्यांनी का छातीमुळे, डॉक्टर नीट सांगत नाहीत.

मी आपली भाजी चिरता चिरता सांगत होते. वळणावर गाडी अगदी हळू व्हायची. इंजिनाच्या मागच्या कोळशाच्या डब्यावर एक माणूस उलट्या तोंडाने, पाय खाली सोडून बसलेला असायचा. आमचं कुंपण आलं की तो कोळशाचे दोन-चार खडे आत टाकायचा. आई आम्हाला टोपली घेऊन पाठवायची आणि बजावायची, वर बघायचं नाही. तो माल रेल्वेचा ना. बघितलं तर चोरी, नाही बघितलं तर पडलेला कोळसा. त्यामुळे त्याला कधी हात हलवून दाखवलासुद्धा नाही मी. चूल मात्र त्याच्या जिवावर पेटायची.

हे चाकू माझ्या हातातून घेऊन समोर बसले. "वर बघितलं नाहीस तर तो कसा बसायचा हे तुला कसं माहीत?"

"एकदा बघितलं होतं."

"रंग कोणता होता इंजिनाचा?"

"काळा. इंजिनं काळीच असतात."

"नीट आठव."

आठवल्यावर वाटलं, काजळीखाली हिरवा असावा. हे एवढे खूश झाले की विचारू नका. लगेच खोलीत जाऊन कुणालातरी फोन केला, दार लोटून. म्हातारपणी माणसाला दुसऱ्याच्या लहानपणात बरं वाटतं बहुतेक.

२ जुलै

ह्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी छातीचं चित्र काढून दाखवलं आणि सप्टेंबर म्हणाले. मी खर्च विचारला, पथ्य विचारलं. जे विचारायचं होतं ते ह्यांच्यासमोर विचारता येईना.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "त्याच्या आत इंजिन आलं पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छाती उघडणार आहेत आणि ह्या माणसाला खेळण्याची पडली आहे.

"नंतर आलं तर खाणार आहे का कुणी त्याला?" म्हटलं.

"नंतरचं कुणी बघितलंय?"

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. ह्यांनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, ओझं उचलायचं नाही असं सांगितलेलं असताना. भांडण घरी गेल्यावर करायचं ठरवलं.

२६ जुलै

फोटो आला. इंजिनवाल्याने पाठवला. ह्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पितळेचं, पिवळंधमक, बिनरंगाचं. छान आहे हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, दाढीवाल्याचेही फोटो छान होते.

"हा तसा नाही. फोटोत बघ, कोपऱ्यात त्याची चप्पल आली आहे."

चप्पल हा काय पुरावा झाला?

ह्यांना त्या खोलीतली भाषा बोलायला माझ्याशी बंदी आहे, लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी घातली. मला चाक, डबा आणि धूर एवढंच कळतं, आणि हेही बिचारे तेवढ्यातच भागवतात. आज मात्र बोलायला फार आतुर झाले होते असं वाटलं. काहीतरी ओठांवर आलं आणि गिळलं.

९ ऑगस्ट

मला वाटत होतं तेच झालं.

दुपारी हे गोळी घेऊन झोपले होते. त्यांचा मोबाइल वाजला. इंजिनवाल्याची बायको. आवाज गोड. म्हणाली, "काकू, काकांना निरोप द्याल का? अजून थोडा उशीर होणार."

"का बरं?"

"इंजिन कधीच झालंय हो. टेंडरमुळे सगळं अडकलंय."

"कसलं टेंडर?"

"आधीचं रद्द केलं ना. नवीन काढायला घेतलं. ते भरायचं राहिलंय, ते भरलं की मोकळे. हे दिवसरात्र त्याच्यामागे आहेत. काकांना सगळं माहीत आहे, त्यांच्याच सांगण्यावरून तर केलं."

मी ठेवते म्हणाले आणि तिथेच बसले. एक टेंडर रद्द, दुसरं काढलं, अजून भरायचं आहे. मला कुणी शिकवायला नको. लोकांकडून इंजिनासाठी आगाऊ घ्यायचे आणि ते अनामत म्हणून कुठल्यातरी कंत्राटात घालायचे. असे कितीतरी ठेकेदार मी ह्या डोळ्यांनी बघितलेत. आणि हे? ह्यांच्याच सांगण्यावरून! ज्यांना साधं वीजबिल भरताना पावती घ्यायची आठवण राहत नाही, ते टेंडर भरायला निघाले. त्या माणसाने भागीदारीची टोपी घातली असणार.

विचारायची सोय नाही. डॉक्टरांनी बजावलंय, मनाला त्रास होईल असं काही नको.

१० ऑगस्ट

एक काम केलं. बरोबर का चूक, पण केलं.

ह्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, छोट्या गाड्यांच्या वेड्यांचा. त्यातल्या बऱ्याच जणांनी ह्याच इंजिनवाल्याला आगाऊ पैसे दिलेत, ते मी वर सरकवून सरकवून वाचलं. हे आंघोळीला गेले तेव्हा मी लिहिलं: "सदर कारागिराने सभासदांची आगाऊ रक्कम अन्यत्र वळवल्याची खात्रीलायक माहिती आहे. तरी सर्वांनी सावध राहावे." टेंडरचा उल्लेख केला नाही. चौकशी चालू असताना तपशील उघड करायचा नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पाठवल्यावर मोबाइल उशीखाली सरकवला. ह्यांच्या नावावर पाठवलं म्हणजे लोक ऐकतील. ह्यांच्या शब्दाला तिथे मान आहे असं दिसतंय. घरात कुणी एवढं ऐकून घेत नाही.

१२ ऑगस्ट

कसं लिहू?

काल दिवसभर मोबाइल वाजत होता, मी तो उशीखाली ठेवलेला. आज तो ह्यांच्या हाती लागला तेव्हा इंजिनवालाच पलीकडे होता. हे नुसतं "काय?" आणि "मी?" एवढंच म्हणत होते. मग मोबाइल खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"तू लिहिलंस?"

माझं तोंडच सांगत असणार. मी सगळं बोलून टाकलं. बाईचा फोन, रद्द केलेलं टेंडर, नवीन काढलेलं टेंडर, ह्यांची भागीदारी. "तुम्हाला झेपणार आहे का कंत्राटदारी?" असंही विचारलं.

ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं छातीत कळ आली, मी पाणी आणायला धावले. आणून बघते तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताहेत.

हाताला धरून मला त्या खोलीत नेलं. एक जुनं इंजिन उचललं, त्याच्या मागचा कोळशाचा डबा हळूच सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हे टेंडर," म्हणाले. "कोळशाचा डबा गं. त्याला टेंडर म्हणतात. तो कोळशाने भरायचा राहिलाय."

इतकी वर्षं संसार केला आणि ह्या घरात दोन टेंडरं नांदत होती, हे मला आज कळलं. मीच ती भाषा घरात बोलू दिली नाही. हसू आलं, पण ते फार टिकलं नाही, कारण ह्यांचं थांबलं होतं. ग्रुपवरच्या एकामागून एक माणसांनी पैसे परत मागितलेत. त्याच्याकडे पैसे नाहीत, सगळ्यांची चाकं आणि पितळ आणून ठेवलंय.

"दाढीवाल्याने आम्हाला बुडवलं," हे म्हणाले. "ह्याला आपण बुडवलं."

आपण म्हणाले. तू म्हणाले नाहीत.

१४ ऑगस्ट

ह्यांना शेजारच्या मास्तरांकडे बसवलं आणि मी एकटी इंजिनवाल्यांकडे गेले. घरामागे पत्र्याची लांबट खोली, दाराशी चपला. फोटोतली चप्पल ओळखू आली. पितळ तापल्याचा वास. फळीवर डबे ओळीने लावलेले, प्रत्येकावर चिठ्ठी, आत कुणाची चाकं तर कुणाचे सांधे. एक डबा उघडून इंजिनवाल्याने मला दाखवला, मी मागितला नसताना. "हे सगळ्यांचंच आहे, काकू. मी कुठे गेलो नाही."

चाळिशीतला माणूस, दोन्ही अंगठ्यांवर भाजल्याचे डाग. रागावेल असं धरून गेले होते. त्याने स्टूल पुसून दिलं, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी माफी मागितली. टेंडरचं सांगितलं. तो हसला नाही, त्याची बायको मात्र पदर तोंडाला लावून वळली. कोपऱ्यात ती छोट्या खलात काहीतरी कुटत होती. खरा कोळसा, मोहरीपेक्षा बारीक. "हेच भरायचंय बघा टेंडरमध्ये," म्हणाली. आणि मग एकदम कुटायचं थांबवून म्हणाली, "म्हणजे तुम्हीच का त्या, कोळसा वेचणाऱ्या?"

"गप," तो तिला म्हणाला. पण उशीर झाला होता.

मला काही कळेना. तेव्हा त्याने नाइलाजाने भिंग माझ्या हातात दिलं आणि दिवा ओढला. कोळशाचा डबा, हिरवा. त्याच्या कडेवर नखाएवढा माणूस, इंजिनाकडे पाठ, पाय खाली सोडलेले. एक हात उचललेला, हातात खडा.

"काकांनी तीनदा बदलायला लावला," तो म्हणाला. "आधी हात मांडीवर होता. म्हणाले, नाही, टाकतोय असा पाहिजे. त्या हातासाठी डबाच नवीन करावा लागला, म्हणून उशीर. कुणाला सांगायचं नाही म्हणाले होते."

मी किती वेळ भिंगाला डोळा लावून बसले कोण जाणे. डोळा काढला असता तर तो ओला आहे हे दोघांना दिसलं असतं. मी ह्यांच्या खेळण्यावर चिडत होते. त्यांनी ते माझ्यासाठी मागवलं होतं, आणि उशीर माझ्याच आठवणीने लावला होता.

निघताना म्हटलं, "मला दाखवलंत हे त्यांना कळू देऊ नका."

"तुम्ही काही बघितलंच नाही, काकू," त्याची बायको म्हणाली.

१५ ऑगस्ट

ग्रुपवर पुन्हा लिहिलं, या वेळी ह्यांना शेजारी बसवून आणि माझं नातं सांगून. सरकारी भाषा नाही. "मी ह्यांची बायको. परवाचं मी लिहिलं होतं. मला टेंडर म्हणजे फक्त पुलाचं माहीत होतं. तो माणूस कोळशाचा डबा करत होता, आणि मी त्याला ठेकेदार ठरवलं. मी जाऊन बघून आले. तुमची चाकं तिथे डब्यांत आहेत. चूक सर्वस्वी माझी आहे."

पहिलं उत्तर ग्रुपमधल्या एका दातांच्या डॉक्टरांचं: "वहिनी, माझं टेंडर परत घेतो." मग हसण्याचा नुसता पाऊस. संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी पैशाचं मागणं मागे घेतलं. एकाने नाही घेतलं. त्याने लिहिलं, "आज गैरसमज निघाला. उद्या तो खरंच पळाला तर काकू भरून देणार का?"

हे चिडले. मी चिडले नाही. तो खोटं बोलत नाही. तारण काही नाहीच. एक माणूस आहे, त्याचे दोन हात आहेत आणि आपला त्यावर विश्वास आहे, बस. पुलाच्या खात्यात एवढ्यावर मी कुणाला एक वीट लावू दिली नसती.

६ सप्टेंबर

इंजिनवाले स्वतः घेऊन आले, बायकोसकट. उद्या ह्यांना दवाखान्यात भरती व्हायचं आहे. वेळेत आलं एकदाचं, माझा जीव भांड्यात पडला.

हे मला म्हणाले, "ये, बस. तुझ्यासाठी आहे." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मला नाटक येत नाही. "अगंबाई, हे काय!" असं काहीतरी मी फार मोठ्याने म्हटलं. इंजिनवाल्यांची बायको खिडकीबाहेर बघायला लागली. ह्यांना समजलं असणार. पण त्यांनी समजल्याचं दाखवलं नाही, ते माझ्यापेक्षा चांगलं नाटक करतात.

टेबलावरच्या रुळांवर गाडी फिरली. वळणावर ह्यांनी वेग कमी केला. तो नखाएवढा माणूस हात उचलून माझ्यासमोरून गेला आणि मी टेबलाशी वाकून त्याच्याकडे सरळ बघितलं. गाडी फिरून पुन्हा आली तेव्हा मी हात हलवला. तीन माणसांसमोर, ह्या वयात. कुणी हसलं नाही.

"असाच होता ना?" ह्यांनी विचारलं. कितीतरी दिवस हेच विचारायचं राहिलं होतं ह्यांचं.

"अगदी असाच," म्हटलं. खरा बराच जाड होता. ते मी कधीच सांगणार नाही.

सगळे गेल्यावर ह्यांचं ब्लडप्रेशर बघितलं. फार दिवसांनी चांगलं आलं.

८ सप्टेंबर

ह्यांना आत नेलंय. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर बसून लिहिते आहे. आज आकडे घ्यायचं काम डॉक्टरांचं आहे, सगळं पान माझं.

न्यायच्या आधी पाच मिनिटं दिली होती. हिरवा झगा घातलेले हे, चष्मा काढून ठेवलेला, त्यामुळे मला शोधत असल्यासारखे बघत होते. मी जवळ गेले. माझा हात धरून म्हणाले, "खोलीतलं सगळं दातवाल्या डॉक्टरांना देऊन टाक. तुझं इंजिन ठेव."

"काही देणार नाही कुणाला," मी म्हटलं. "मी एक काम केलंय."

"पुन्हा ग्रुपवर लिहिलंस?"

"तुम्ही ते मोठं इंजिन नेहमी बघता ना मोबाइलवर, दोन धुराड्यांचं? महाग आहे म्हणून बंद करता. ते मी इंजिनवाल्यांना करायला दिलं. तुमच्यासाठी."

ह्यांना वाटलं गोळीच्या गुंगीत काहीतरी भलतंच ऐकू येतंय. "तू? पैसे?"

"भरले. सगळे."

"सगळे? आगाऊ?" उठायलाच बघत होते, नर्सने खांद्याला धरलं. "अगं, कागद काही केलास का? तू तर पुलाच्या खात्यातली!"

"कागद नाही. चप्पल बघून आले ना त्याची."

हसले. नर्सने पलंगाचे ब्रेक काढले. हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "किती दिवसांत देतो म्हणाला?"

"दोन वर्षं लागतील म्हणाला."

"दोन म्हणाला म्हणजे तीन धर," हे म्हणाले. "हे लोक वेळेत देत नाहीत."

"तीन धरली आहेत मी," म्हटलं. "आणायला तुम्हालाच जायचंय. मला त्यातलं काही कळत नाही."

"बरं," म्हणाले. "जातो."

आणि त्यांना आत घेऊन गेले.